आपला डॉक्टर कोणता?

डोंबिवलीतील एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाला सदनिका विकत घ्यावयाची असली, म्हणजे ते कुटुंब निदान सहा महिने त्या विषयाने झपाटलेले असते. पूर्वेस की पश्चिमेस, स्टेशनपासून चालत किती मिनिटे, पाणी किती वाजता येते, बांधकामाला महापालिकेची परवानगी आहे की नाही, सातबारा कोणाच्या नावावर आहे, अशा शंभर प्रश्नांची उत्तरे ते मिळविते. प्रसंगी वकिलाची फी मोजून कागदपत्रे तपासून घेते. मुलाला अकरावीसाठी कोणत्या महाविद्यालयात घालावे, यावरही घरात पंधरा दिवस खल होतो. परंतु त्याच घरातील कर्त्या माणसाच्या छातीत रात्री अकरा वाजता कळ आली, तर त्याला कोणाकडे न्यावयाचे, हा निर्णय मात्र शेजारच्या बिऱ्हाडातून आलेल्या सल्ल्यावर किंवा रिक्षावाल्याला ठाऊक असलेल्या पाटीवर सोपविला जातो. ज्या निर्णयावर प्राण आणि आयुष्यभराची पुंजी या दोहोंचे भवितव्य अवलंबून, तोच निर्णय सर्वांत कमी वेळात आणि सर्वांत कमी माहितीवर घेतला जावा, हा व्यवहारचतुर म्हणविणाऱ्या समाजातील मोठाच विरोधाभास होय.

याला केवळ बेफिकिरी कारणीभूत आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. डॉक्टरची निवड अवघड असते ती मुळात त्या सेवेच्या स्वरूपामुळे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर एक निबंध लिहिला आणि आरोग्याच्या अर्थशास्त्राचा पाया घातला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आजार केव्हा येईल हे ठाऊक नसते आणि उपचाराचा गुण येईलच याची खात्री नसते. या दुहेरी अनिश्चिततेमुळे वैद्यकीय सेवेचा बाजार हा धान्याच्या किंवा कापडाच्या बाजारासारखा चालू शकत नाही. तेथे किमतीपेक्षा विश्वासाला महत्त्व येते, आणि व्यवसायाची नीतिबंधने ही काही शोभेची वस्तू नसून त्या बाजाराची गरज असते.

माहितीची विषमता

अ‍ॅरो यांच्यानंतर सात वर्षांनी, १९७० मध्ये, जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाचा कस ठाऊक आणि घेणाऱ्याला तो ठाऊक नाही, अशी स्थिती असली म्हणजे वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकावून लावू शकतो. वैद्यकाची गोष्ट याच्याही पलीकडची आहे. आंबा खाल्ल्यावर तो गोड की आंबट हे निदान नंतर तरी कळते. उपचाराचे तसे नाही. ताप चार दिवसांनी उतरला तो औषधाने उतरला की आपोआप, केलेली शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक होती की नव्हती, हे रुग्णाला उपचारानंतरही कळत नाही. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा वस्तू आणि सेवांचा एक स्वतंत्र वर्गच मानला. विश्वासावाचून ज्यांची खरेदी होऊच शकत नाही, असा तो वर्ग आहे.

त्यातही येथे गंमत अशी की, काय विकत घ्यावयाचे हे ठरविणारा आणि ते विकणारा बहुधा एकच असतो. कोणती तपासणी करावी, किती दिवस रुग्णालयात राहावे, हे रुग्ण ठरवीत नाही. ते डॉक्टर ठरवितो. म्हणजे रुग्ण डॉक्टरकडे जातो तेव्हा तो केवळ ग्राहक नसतो, तर आपल्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार तो एका दुसऱ्या माणसाला देत असतो. वकीलपत्र देताना माणूस जेवढा विचार करतो, तेवढा तरी विचार हा अधिकार देताना व्हावयास हवा, हे यावरून ओघानेच आले.

कल्याणचा एक धडा

या संदर्भात कल्याणच्या एका कन्येचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा योग्य वैद्यकीय मदतीअभावी दहा दिवसांत दगावला. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला आणि १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी मिळविली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-कक्षाची सूत्रे त्यांनी हाती घ्यावयाची, असेही ठरले होते. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आनंदीबाईंची कथा सामान्यतः जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. परंतु तिचा दुसरा अर्थ तितकाच मोलाचा आहे. परदेशी जाण्यापूर्वी, १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील महाविद्यालयात केलेल्या जाहीर भाषणात त्यांनी हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे, हे सांगितले होते. त्या काळी डॉक्टर मुळीच नव्हते असे नाही. पण जे होते त्यांच्यापुढे स्त्रिया आपले दुखणे उघड करू शकत नव्हत्या. ज्याच्यापाशी दुखणे बोलता येत नाही तो डॉक्टर कितीही विद्वान असला तरी त्या रुग्णाच्या कामाचा नाही, हे सत्य कल्याणच्या त्या मुलीने ओळखले होते. 'चांगला डॉक्टर' आणि 'आपल्याला योग्य असा डॉक्टर' यांतील भेद नेमका हाच आहे.

गाडीच्या वेळापत्रकावरचा दवाखाना

१८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली, आणि पुढच्याच वर्षी तो लोहमार्ग कल्याणला पोचला. ठाणे, डोंबिवली, कल्याण या शहरांचे जीवनमान तेव्हापासून गाडीच्या वेळापत्रकाशी बांधले गेले आहे. येथील दवाखान्यांच्या वेळाही त्याच वेळापत्रकाने ठरविल्या. सकाळी सात-सव्वासातची लोकल पकडणारा कारकून रात्री आठ-साडेआठला परततो. तेव्हा त्याच्यासाठी दवाखाना रात्री दहापर्यंत उघडा ठेवणे डॉक्टरला भागच पडे. १९७०-८० च्या दशकांत चाळींतून आणि नव्या सोसायट्यांतून राहावयास आलेल्या पिढीला आठवतो तो हाच दवाखाना. बाहेर लाकडी बाक, आत पडद्यामागे तपासणीचे टेबल, खिडकीशी कंपाउंडर, आणि घरून नेलेल्या बाटलीत मिळणारे, मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी चिकटविलेले औषध.

त्या डॉक्टरची विद्वत्ता आजच्या मानाने बेताची असेल. त्याच्यापाशी यंत्रे तर नव्हतीच. पण आजोबांना दमा होता, आईला पेनिसिलिन सोसत नाही, धाकट्याची परीक्षा जवळ आली की त्याच्या पोटात दुखते, या गोष्टी त्याला न सांगता ठाऊक असत. ही माहिती म्हणजे एक प्रकारचे भांडवलच होते. वीस-वीस वर्षे ते साठत गेलेले असे आणि कोणत्याही यंत्राने ते एका दिवसात उभे करता येण्याजोगे नव्हते.

हे भांडवल गेल्या तीस-चाळीस वर्षांत झपाट्याने आटले. ठाणे महापालिका १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये आणि कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ च्या ऑक्टोबरमध्ये अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाखांवर गेली होती. नव्या वस्तीतील कुटुंबाचा जुन्या गल्लीतील डॉक्टरशी संबंध उरला नाही. दुसरीकडे, गाळ्यांच्या किमती इतक्या चढल्या की, केवळ तपासणीच्या फीवर दवाखाना थाटणे तरुण एम.बी.बी.एस. पदवीधराला परवडेनासे झाले. पदव्युत्तर शिक्षण घेऊन विशेषज्ञ होणे हाच त्याला किफायतशीर मार्ग वाटू लागला. आरोग्य विम्याने रुग्णालयातील खर्चाचा भार उचलला. परंतु बहुतेक विमापत्रे दवाखान्यातील साध्या तपासणीचा खर्च देत नाहीत. परिणामी, ज्या ठिकाणी आजार स्वस्तात आणि वेळेवर ओळखला जाऊ शकतो, नेमक्या त्याच ठिकाणापासून पैशाचा ओघ दूर वळला.

मोठे ते चांगले?

फॅमिली डॉक्टरची जागा रिकामी झाली, ती एका समजुतीने भरून काढली. मोठे रुग्णालय म्हणजे चांगले रुग्णालय आणि विशेषज्ञ म्हणजे अधिक चांगला डॉक्टर, ही ती समजूत होय. गुडघा दुखला की अस्थिरोगतज्ज्ञ, डोके दुखले की मेंदूरोगतज्ज्ञ, छातीत धडधडले की हृदयरोगतज्ज्ञ, असा सरळ मार्ग सुशिक्षित कुटुंबे धरू लागली आहेत. वस्तुतः डोकेदुखीचे कारण चष्म्याच्या नंबरात, वाढलेल्या रक्तदाबात किंवा झोपेच्या अभावात असू शकते. धडधडीमागे पंडुरोग किंवा थायरॉइडचा विकार असू शकतो. दुखणे कोणत्या शाखेचे आहे हे ठरविणे, हीच मुळात निदानाची पहिली पायरी आहे. ती पायरी रुग्णाने स्वतःच, तीही चुकीची, चढावयाची आणि मग प्रत्येक विशेषज्ञाने आपापल्या शाखेपुरत्या तपासण्या करावयाच्या, यात वेळ जातो आणि पैसाही जातो.

हा पैसा थोडा नव्हे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार, म्हणजे २०१७-१८ मध्ये, रुग्णालयात दाखल होण्याच्या एका प्रसंगाचा सरासरी खर्च, बाळंतपणे वगळता, सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये, तर खासगी रुग्णालयात ३१,८४५ रुपये होता. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील, लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९ टक्क्यांवर आला. ही सुधारणा स्वागतार्ह असली, तरी शंभरातील एकोणचाळीस रुपये अजूनही आजारी माणसाच्या घरातूनच जातात, हे विसरता येत नाही.

मोठ्या रुग्णालयाचे अर्थकारणही समजून घेतले पाहिजे. तेथे इमारत, यंत्रे आणि मनुष्यबळ यांवर प्रचंड रक्कम गुंतलेली असते, आणि ती फिटावयाची तर खाटा भरलेल्या असणे आवश्यक असते. अमेरिकेतील मिल्टन रोमर यांनी १९६० च्या सुमारासच असे निरीक्षण नोंदविले होते की, जेथे खाटा वाढतात तेथे त्या भरणारे रुग्णही वाढतात. याचा अर्थ प्रत्येक डॉक्टर लबाड असतो असा मुळीच नाही. याचा अर्थ एवढाच की, प्रामाणिक माणसाचा निर्णयदेखील तो ज्या व्यवस्थेत बसला आहे तिच्या दबावापासून अलिप्त राहू शकत नाही.

दबावाचे एक उघड रूप म्हणजे 'कट'. रुग्ण पाठविल्याबद्दल प्रयोगशाळेने किंवा विशेषज्ञाने पाठविणाऱ्या डॉक्टरला द्यावयाचा हिस्सा. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर, विंचूदंशावरील संशोधनाने जगभर ओळखले गेलेले, यांनी २०१३ मध्ये आपल्याकडे आलेला असा बाराशे रुपयांचा धनादेश परत केला आणि त्याविरुद्ध वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशातील ७८ डॉक्टरांशी बोलून लिहिलेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डिसेंटिंग डायग्नोसिस' या इंग्रजी पुस्तकात या प्रथेचे चित्र खुद्द डॉक्टरांच्याच तोंडून आले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये कट प्रथेला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा करविला. तो मसुदाच राहिला. तथापि, या सगळ्यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, कटविरुद्ध प्रथम बोलले ते डॉक्टरच. चांगला डॉक्टर शोधणाऱ्याने निराश होण्याचे कारण नाही, असा याचा अर्थ होतो.

पाटीवरची अक्षरे

मग निवड करावयाची कशी? पहिली कसोटी अगदी साधी, परंतु सर्वाधिक दुर्लक्षित. समोरचा माणूस कोण आहे, त्याने कशाचे शिक्षण घेतले आहे आणि त्याची नोंदणी कोठे आहे, हे पाहणे. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असावी लागते, आणि ती ठराविक काळाने नूतन करावी लागते. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार हा नोंदणी क्रमांक दवाखान्यात, औषधाच्या चिठ्ठीवर आणि पैशाच्या पावतीवर असला पाहिजे. आपली फी फलकावर लावणेही त्याच नियमांनी बंधनकारक केले आहे. विशेषज्ञतेची पदवी नसताना विशेषज्ञ म्हणवून घेण्यास मनाई आहे. किती रुग्ण हा क्रमांक पाहतात? गॅस सिलिंडरचे वजन तपासणारी गृहिणीदेखील तो पाहत नाही.

डोंबिवली-कल्याणच्या अनेक वस्त्यांत फॅमिली डॉक्टर म्हणून जे काम करतात, ते आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर असतात, आणि त्यांतील कित्येकांनी लोकांची मनोभावे सेवा केली आहे. आयुर्वेद पदवीधरांना राज्य शासनाच्या आदेशांन्वये आधुनिक औषधांची मर्यादित मुभा आहे. होमिओपॅथीच्या पदवीधरांनी औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यास त्यांना आधुनिक औषधे देता यावीत, अशी दुरुस्ती महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात केली. तिच्या अंमलबजावणीवरून २०२५ मध्ये ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. उलट, होमिओपॅथीच्या डॉक्टरने ज्या पद्धतीचे शिक्षण घेतले नाही त्या पद्धतीचे औषध देणे हाच निष्काळजीपणा होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, पूनम वर्मा खटल्यात, दिला होता. हा वाद कोणत्याही बाजूने मिटो. रुग्णाचा हक्क त्याने बदलत नाही. आपल्याला औषध देणारा कोणत्या शास्त्राचा अभ्यासक आहे हे विचारणे म्हणजे त्याचा अपमान नव्हे.

पदवीने मात्र सर्व भागत नाही. जिष्णू दास आणि जेफ्री हॅमर या अर्थशास्त्रज्ञांनी दिल्लीतील डॉक्टरांचा अभ्यास करून २००७ मध्ये असे दाखविले की, डॉक्टरला जेवढे ठाऊक असते तेवढे तो प्रत्यक्ष रुग्ण तपासताना करीतच नाही. मुंबई आणि पाटणा येथे तर प्रशिक्षित माणसांना क्षयरोगाची लक्षणे सांगणारे रुग्ण बनवून खासगी दवाखान्यांत पाठविण्यात आले. अशा सुमारे २,६०० भेटींचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णाची हाताळणी योग्य झाली असे प्रसंग एक तृतीयांशाच्या आसपासच निघाले. एम.बी.बी.एस. वा त्याहून वरच्या पदवीचे डॉक्टर इतरांपेक्षा सरस ठरले, पण त्यांच्याकडूनही चुका झाल्याच. पदवी ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे.

निवडीच्या कसोट्या

पुरेशा अटी कोणत्या, हे एखाद्या साध्या सर्दी-खोकल्याच्या निमित्ताने पारखता येते. डॉक्टर रुग्णाचे म्हणणे पुरते ऐकून घेतो, की दुसऱ्याच वाक्याला चिठ्ठी लिहावयास घेतो? अंगाला हात लावून, छाती ऐकून, रक्तदाब घेऊन तपासतो काय? कोणत्या आजाराची शंका आहे आणि हे औषध कशासाठी, हे रुग्णाला समजेल अशा मराठीत सांगतो काय? तपासणी सुचविली, तर तिच्या निष्कर्षाने उपचारात काय फरक पडणार आहे, या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी असते काय? औषधाची गरज नसेल तेव्हा 'औषध नको, दोन दिवस थांबा' असे म्हणण्याचे धैर्य त्याच्यात आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे, 'हे मला नीटसे कळत नाही, अमक्याकडे जा' असे तो म्हणू शकतो काय? ज्याला सगळेच कळते असा डॉक्टर टाळावा, हे ठाण्या-कल्याणच्या जुन्या पिढीचे शहाणपण आजही खोटे ठरलेले नाही.

दुसरा प्रश्न उपलब्धतेचा. आपल्या शहरांना लोहमार्गाने उभे दुभंगले आहे. कल्याणचा पत्री पूल २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पाडला आणि नवा पूल २०२१ च्या जानेवारीत खुला झाला; मधल्या काळात रुळापलीकडे जाणे म्हणजे काय, हे तेथील रहिवाशांनी अनुभवले. कल्याण-शीळ रस्त्याची कोंडी तर नित्याचीच. म्हणून पश्चिमेच्या रहिवाशाने पूर्वेचा विख्यात डॉक्टर नेहमीच्या तपासणीसाठी जरूर निवडावा; परंतु रात्री-अपरात्री आपल्या बाजूचा कोण, अतिदक्षता विभाग असलेले जवळचे रुग्णालय कोणते, तेथे आपले विमापत्र चालते काय, याची नोंद घरातील प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे. हे सर्व ठरवावयाचे ते प्रकृती ठीक असताना. आगीचा बंब शोधावयास आग लागण्याची वाट कोणी पाहत नाही.

तिसरी गोष्ट सातत्याची. एकाच डॉक्टरकडे दीर्घकाळ जाण्याचा काही लाभ होतो काय, यावरील २२ अभ्यासांचा आढावा इंग्लंडमधील संशोधकांनी २०१८ मध्ये घेतला. त्यांतील १८ अभ्यासांत सातत्याने एकाच डॉक्टरकडे जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. फॅमिली डॉक्टरची ओढ ही केवळ जुन्या दिवसांची हळहळ नाही, याचा याहून चांगला पुरावा तो कोणता? मोठी शस्त्रक्रिया सुचविली गेल्यास दुसऱ्या डॉक्टरचे मत जरूर घ्यावे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो हक्क नमूद आहे. आपली कागदपत्रे मागण्याचाही रुग्णाला अधिकार आहे, आणि ती मागितल्यापासून ७२ तासांत दिली पाहिजेत असा २००२ चा नियम आहे. परंतु दुसरे मत घेणे निराळे आणि दर पंधरवड्याला डॉक्टर बदलणे निराळे. पहिल्यात विवेक आहे. दुसऱ्यात केवळ अस्वस्थता.

रुग्णाचे कर्तव्य

हा व्यवहार एकतर्फी नाही. ताप आला की दवाखान्यात शिरताच सलाइनची मागणी करणारा, इंजेक्शन न देणाऱ्या डॉक्टरला अडाणी ठरविणारा, प्रतिजैविकांची मात्रा दोन दिवसांत बरे वाटताच सोडून देणारा रुग्ण आपल्याला हवा तसा डॉक्टर घडवीत असतो. वाण्याच्या दुकानात मुकाट्याने छापील किंमत देणारा माणूस वीस मिनिटे नीट तपासणाऱ्या डॉक्टरशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि तोच माणूस पुढे प्रयोगशाळेत पाच हजार रुपये विनातक्रार मोजतो. डॉक्टरच्या वेळेला आणि विचाराला किंमत द्यावयाची नाही, यंत्राला मात्र द्यावयाची, असे समाजाने ठरविले, तर डॉक्टरही यंत्रच दाखवू लागणार, हे अर्थशास्त्राचे अगदी प्राथमिक तत्त्व आहे.

रुग्ण दगावला की दवाखान्याची मोडतोड करण्याची प्रवृत्तीही याच अविश्वासाचे फळ होय. तिला आवर घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. वैद्यकीय सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच, वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणून, खुला केला आहे. दगड उचलण्याने तो मार्ग बंदच होतो. शिवाय भयग्रस्त डॉक्टर स्वतःच्या बचावासाठी जादा तपासण्या लिहू लागतो आणि अवघड रुग्णाला हात लावण्याचे टाळतो. त्याची किंमत अखेर पुढच्या रुग्णाला मोजावी लागते.

महापालिकांची जबाबदारी

तथापि सर्व भार एकट्या रुग्णाच्या शहाणपणावर टाकून चालणार नाही. ज्या बाजारात माहितीच विषम, तेथे माहिती पुरविणे हे शासनसंस्थेचे काम आहे. रुग्णालयांच्या नोंदणीचा महाराष्ट्राचा कायदा १९४९ चा आहे. त्याखालील नियम २०२१ च्या जानेवारीत सुधारण्यात आले. रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक १५ बाबींचे दरपत्रक प्रत्येक रुग्णालयाने दर्शनी भागात लावावे, तसेच तक्रार निवारणाची सोय स्थानिक अधिकाऱ्यांनी करावी, असे त्यांत म्हटले आहे. महापालिका क्षेत्रात या नियमांची अंमलबजावणी महापालिकेकडे येते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी आपापल्या हद्दीतील नोंदणीकृत रुग्णालयांची यादी, त्यांच्या खाटा, सुविधा आणि दरपत्रके प्रभागवार, मराठीत आणि सहज सापडेल अशा ठिकाणी प्रसिद्ध केली, तर नागरिकाच्या निवडीला फार मोठा आधार मिळेल. यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. असलेला पाळला तरी पुरे.

महापालिका हे करू शकतात, हे करोनाच्या साथीत दिसून आले आहे. राज्य शासनाने २०२० च्या मे महिन्यात खासगी रुग्णालयांच्या दरांवर मर्यादा घातली. लेखापरीक्षक नेमून देयके तपासली गेली आणि ठिकठिकाणी जादा आकारणी रुग्णांना परत मिळाली. कल्याण-डोंबिवली महापालिकेने त्या काळात शहरातील खासगी डॉक्टरांना साथनियंत्रणाच्या कामात सामील करून घेतले, आणि २०२१ मध्ये स्मार्ट शहरांच्या राष्ट्रीय स्पर्धेत करोनाविषयक नवोपक्रमाचे पारितोषिक तिला वाराणसीसह मिळाले. संकटकाळी जी व्यवस्था उभी राहिली, ती संकट सरताच मोडीत का निघावी, हा प्रश्न नागरिकांनी विचारावयास हवा.

आणि निवडीला अर्थ येण्यासाठी सार्वजनिक रुग्णालय सशक्त असणे हेही तितकेच अगत्याचे आहे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय या चार संस्थांवर गरिबांचा भार आहे. कळव्याच्या रुग्णालयात २०२३ च्या ऑगस्टमध्ये चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले, तेव्हा हा भार किती असह्य झाला आहे हे सर्वांना दिसले. ज्याला दुसरे कोणतेच दार खुले नाही, त्याला 'योग्य डॉक्टर निवडा' हा उपदेश म्हणजे क्रूर थट्टा होय. सरकारी रुग्णालय चांगले चालले, म्हणजे शेजारच्या खासगी रुग्णालयाचे दरही आटोक्यात राहतात. कारण रुग्णाला तेथून उठून जाण्यास एक जागा असते.

आनंदीबाईंच्या काळी कल्याणात डॉक्टर मिळणे हाच प्रश्न होता. आज गल्लोगल्ली पाट्या आहेत, आणि त्यांतून आपला डॉक्टर ओळखणे हा प्रश्न होऊन बसला आहे. टंचाईचे दुःख गेले, विपुलतेचा संभ्रम आला. तो दूर करण्याचा उपाय कोणत्याही जाहिरातीत नाही. या आठवड्यात, घरात कोणीही आजारी नसताना, जवळच्या एखाद्या दवाखान्यात जावे, पाटीवरची पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचावा, घरातील जुन्या दुखण्यांची कागदपत्रे दाखवावीत, फी द्यावी आणि चार प्रश्न विचारावेत. उत्तरे पटली तर तेथेच टिकून राहावे. सदनिका घेताना केलेल्या चौकशीच्या शतांशानेही हे काम होण्यासारखे आहे.